रविवारची हजेरी आणि सोमवारची



रोवणी लागली की वारासिवनीच्या आसपासच्या गावांत शाळेचे बाक रिकामे दिसू लागतात. यावरचा एक उपाय यंदा मी आपल्याच लोकांच्या तोंडून तीन-चार वेळा ऐकला : "जी मुलं येत नाहीत त्यांची नावं सरळ कापून टाका, म्हणजे आई-बाप ताळ्यावर येतील." बोलणारी माणसं काही निर्दयी नव्हती. त्यांतले दोघे स्वतः गुरुजी आहेत, हजेरीपटावर रोज तीच ती नावं गैरहजर लिहून कंटाळलेले. तरीही या उपायाला माझा विरोध आहे.

पहिली गोष्ट, असं नाव कापता येत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकता येणार नाही, असं त्याचं सोळावं कलम सांगतं. २०१९ मध्ये हे कलम बदललं आणि पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. काढून टाकण्यावरची बंदी मात्र तशीच राहिली. सतराव्या कलमाने छडी आणि अपमान, दोन्हींना मनाई केली. मग गुरुजींच्या हातात उरलं काय? चोविसाव्या कलमात आहे ते : पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मूल किती दिवस येतं, काय शिकतं, कुठे अडतं ते त्यांना सांगायचं. म्हणजे कायद्याने शिक्षकाला शिक्षेचं नाही, बोलण्याचं काम दिलं आहे. पालकांवरही कर्तव्य टाकलं आहे, कायद्याच्या दहाव्या कलमात आणि राज्यघटनेच्या ५१-क मध्ये. पण ते न पाळणाऱ्या पालकाला दंड ठेवलेला नाही.

दंड आपल्या इतिहासात होता. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळी रुपया म्हणजे मजुराची काही दिवसांची कमाई. पुढे १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारने उलट बाजूने रुपया वापरला : दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता. एका काळात राज्याने रुपया घेतला, दुसऱ्या काळात दिला. दोन्हींच्या परिणामांवर वाद घालता येईल, पण एक गोष्ट दोघांनाही कळली होती. मूल शाळेत जाणार की नाही हे घरात ठरतं, म्हणून ओझं किंवा मदत घरावर ठेवायची. मुलाचं नाव कापणं म्हणजे आई-बापाच्या निर्णयाची शिक्षा सात वर्षांच्या लेकराला देणं.

आता थोडा हिशेब करू. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस दिले आहेत. समजा, एखादी मुलगी रोवणीत पंधरा दिवस, धानाच्या कापणीत दहा दिवस, मोहफुलांच्या दिवसांत पाच आणि लग्नकार्य, ताप, पाहुणे मिळून आणखी दहा दिवस घरी राहिली. झाले चाळीस. यात काहीच भयंकर वाटत नाही, प्रत्येक दिवसाला कारण आहे. पण पाच वर्षांत हेच चाळीस दिवस २०० होतात. पाचवीच्या वर्गात बसलेली ती मुलगी प्रत्यक्षात चारच वर्षं शिकलेली असते, आणि आपण म्हणतो, तिचं डोकं चालत नाही.

हे दिवस आळसात जात नाहीत. रोवणीच्या हंगामात बाईला सलग काम मिळतं आणि ती बांधीत उतरली की धुऱ्यावर धाकट्याला सांभाळायला कुणी तरी लागतं. ते कुणी तरी बहुतेक वेळा दुसरी-तिसरीतली मुलगी असते. मोहफुलं पहाटे वेचावी लागतात, नाही तर गुरं खातात. मूल वेचून येईपर्यंत शाळेची घंटा होऊन गेलेली असते. आपल्या मध्य प्रदेशात नवं सत्र एप्रिलमध्येच सुरू होतं, म्हणजे नव्या वर्गाचे पहिलेच दिवस मोहाखाली जातात. काही घरं धान निघालं की नागपूरकडे कामाला जातात, मुलं सोबत. त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक आहे : दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. पाचवं कलम. परक्या गावी मूल शाळेत घालताना हे ठामपणे, पण नम्रतेने सांगा.

हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आपण लहानपणापासून ऐकतो. शंभरातलं एक नाही, हे त्या मेंढपाळाला कळलं कसं? मोजणीचा उल्लेख तिथे नाही, पण त्याने मोजलं असणार, आणि रोज मोजत असणार. हजेरीपट म्हणजे तीच मोजणी. तिचा उपयोग कमी पडलेल्याला शोधायला जाण्यासाठी असतो. मेंढपाळाने शोधून काढलेलं मेंढरू खांद्यावर घेतलं. वारंवार हरवतं म्हणून कळपातून वजा केलं नाही.

शोधायला जाणार कोण? इथे मला आपल्या पालकांशी स्पष्ट बोलायचं आहे. सरकारी शाळेत शाला प्रबंधन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालकच असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, असं एकविसावं कलम सांगतं. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकासाचा आराखडा, आलेल्या अनुदानाचा खर्च, हे सगळं या समितीपुढे यायला हवं. प्रत्यक्षात काय होतं? आपल्या मंडळीतली एक बहीण अशा समितीवर होती. तिला वर्षात दोनदा निरोप आला, दोन्ही वेळा रजिस्टर पुढे सरकवलं गेलं आणि "सही करून जा" एवढंच सांगितलं गेलं. ती सही करून आली. मजुरी बुडत होती, आणि समोरच्या हिंदीतल्या कागदात 'अनुपस्थित'च्या रकान्यात कितीचा आकडा आहे हे विचारायचा तिला धीर झाला नाही. दोष शाळेचा आहेच. पण समितीवर तीन चतुर्थांश आपण असताना कोरं रजिस्टर पुढे येतं, याचा अर्थ आपण तिथे असून नसल्यासारखे आहोत.

खाजगी शाळेत मुलं घालणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडू नये. विनाअनुदानित शाळांना या समितीचं बंधन नाही, आणि अल्पसंख्याकांच्या अनुदानित शाळांत समिती केवळ सल्ला देते. तिथे पालकाचा सहभाग फी आणि डायरीतली सही इथवर येऊन थांबतो. काही शाळा तर गैरहजेरीचा दंड फीमध्येच जोडतात. बाप तो भरतो, आणि मूल का गेलं नाही हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

मला हन्नाची आठवण होते. तिने शमुवेलाला लहानपणीच शिलो येथे एली याजकाच्या हाती सोपवलं. आता मूल मंदिराचं, आपली जबाबदारी संपली, असं ती म्हणू शकली असती. पण ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून घेऊन जाई. झगा अंगाला बसायचा तर वर्षभरात पोरगा किती वाढला असेल याचा अंदाज हवा. मूल दुसऱ्याच्या हाती दिल्यावरही तिने माप ठेवलं होतं. आपल्यापैकी किती जणांना आपलं मूल वाचनात कुठवर वाढलं आहे, हे ठाऊक आहे?

आणि आता आपली मंडळी. हे काहींना आवडणार नाही. आपण संडे स्कूलमध्ये मुलांच्या नावापुढे तारे चिकटवतो, नाताळात पूर्ण हजेरीचं बक्षीस देतो. संडे स्कूलचं मूळ मात्र आपण विसरलो. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात १७८० मध्ये रॉबर्ट रेक्स नावाच्या वृत्तपत्र चालवणाऱ्या गृहस्थाने रविवारची शाळा सुरू केली, ती सहा दिवस कामाला जुंपलेल्या आणि म्हणून शाळा न मिळालेल्या मुलांसाठी. तिथे आधी अक्षरं शिकवत, मग त्या अक्षरांनी पवित्र शास्त्र वाचत. सोमवार ते शनिवार मूल कुठे असतं, या प्रश्नातूनच आपला रविवारचा वर्ग जन्मला. तो प्रश्न आज आपण विचारत नाही. उलट आपल्या तीन-चार दिवसांच्या संजीवन सभा शाळेच्या दिवसांत ठेवतो, बाहेरगावी जाताना मुलांना घेऊन जातो, रात्री अकराला परततो आणि सकाळी त्यांना उठवत नाही. देवाच्या कामासाठी शाळा बुडाली तर ती बुडाली असं आपण मानतच नाही. हजेरीपटाला ते कळत नाही. तिथे रोवणीची गैरहजेरी आणि सभेची गैरहजेरी एकाच खुणेने लिहिली जाते.

माझ्या तीन सूचना मी मंडळीच्या समितीपुढे ठेवल्या आहेत. सभा दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घ्याव्यात. संडे स्कूलच्या वहीत आणखी एक रकाना आखावा, मूल गेल्या आठवड्यात किती दिवस शाळेत गेलं त्याचा; मात्र वर्गासमोर उभं करून विचारू नये, ताराही देऊ नये. आकडा तीनच्या खाली आला की त्या आठवड्यात कुणी तरी घरी जाऊन चहा प्यावा आणि अडचण काय ते ऐकावं. तिसरी सूचना रोवणीपुरती : ज्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात, त्यांची धाकटी भावंडं शाळेच्या वेळात चर्चच्या ओसरीवर ठेवावीत. दोन आजींनी हे काम घ्यायची तयारी दाखवली आहे, त्यांना साथ द्यायला आळीपाळीने एक-दोन तरुण मुली हव्यात.

पहिल्या सूचनेवर अजून चर्चा चालू आहे, आणि ती सोपी नाही, कारण बाहेरच्या वक्त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात. दुसरीसाठी वही आखून झाली. ओसरीची किल्ली द्यायला पाळकसाहेबांनी होकार दिला आहे. सतरंज्या आहेत, पिण्याच्या पाण्याचा माठ मिळाला आहे. झोळी बांधायला जाड दोर आणि दोन जुनी लुगडी हवी आहेत. कुणाकडे असतील तर रविवारी उपासनेला येताना घेऊन या.