जुनापाणीला जायचं तर

डिसेंबरात नागपूरला येणारे पाहुणे ताडोबा, रामटेक, दीक्षाभूमी अशी यादी ठरवूनच येतात. त्या यादीत मी दरवर्षी एक नाव घुसडतो आणि दरवर्षी घरचे माझ्याकडे डोळे वटारून बघतात. नाव जुनापाणीचं. काटोल रस्त्याला, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, मुरमाड माळावर काळ्या दगडांची वर्तुळं आहेत. थोडीथोडकी नव्हेत, सुमारे तीनशे. ही दफनाची वर्तुळं, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. घरच्यांचा प्रश्न ठरलेला: ‘तिथं बघायला आहे काय?’

प्रश्न रास्त आहे. शिखर नाही, मूर्ती नाही, तटबंदी नाही. शेजारच्या वावरातल्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं, ‘कायले येता भाऊ उन्हातानात? गोटेच त हायेत.’ काही न वाचता गाडी थेट माळावर नेणारा माणूस पंधरा मिनिटांत कंटाळतो आणि मग मला फोन करून बोलून दाखवतो. म्हणून जुनापाणीची तयारी घरीच करायची असते, आणि ती प्रवासापेक्षा जास्त वेळ खाते.

वर्तुळाच्या पोटात काय होतं, हे ठाऊक असल्याशिवाय वर्तुळ दिसत नाही. माणसाचे अवशेष ठेवायचे, सोबत भांडी आणि हत्यारं ठेवायची, वर काळी माती, मुरूम, गोटे यांची भर घालायची आणि भोवती मोठ्या धोंड्यांचं कडं करायचं, अशी साधारण रीत. धोंडे ओढत आणायचे तर दहा-वीस माणसांचं बळ लागणार. ज्याच्यासाठी गावानं एवढे कष्ट घेतले, तो गावात कुणी तरी असणारच. लिहिलेलं एक अक्षरही या लोकांनी मागं ठेवलेलं नाही. नाव माहीत नाही, भाषा माहीत नाही. जे कळलं ते सगळं खोदकामातून.

त्यासाठी डेक्कन कॉलेजचे शां. भा. देव यांची ओळख करून घ्या. १९६८ नंतरच्या दशकभरात त्यांनी सहकाऱ्यांसह विदर्भात टाकळघाट-खापा, माहूरझरी, नायकुंड ही ठिकाणं उकरली. त्याआधी १९६१-६२मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी खुद्द जुनापाणीत तीन वर्तुळं उघडली होती. काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी वस्तू निघाल्या. मला सगळ्यात भावतात ते माहूरझरीचे घोडे. माणसांबरोबर घोडेही पुरलेले, आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिने त्यांच्यासोबत. पेंच नदीकाठच्या नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, म्हणजे हत्यारं बाहेरून विकत आणलेली नव्हती, इथंच घडत होती. हे अहवाल इंग्रजीत आहेत, रूक्ष आहेत, तक्त्यांनी भरलेले आहेत. तरी एखाद्या ग्रंथालयात बसून निदान नकाशे आणि चित्रं चाळाच. माळावर उभं राहिल्यावर ‘इथं खाली एखादा घोडा असेल का’ असा प्रश्न पडला, तरच तुमचं पेट्रोल वसूल.

एक सांगून ठेवतो. या जागेला ‘विदर्भाचं स्टोनहेंज’ म्हणायची हौस काहींना असते. ती टाळावी. इंग्लंडातले ते उभे दगड इथल्यापेक्षा दीड-दोन हजार वर्षांनी जुने. त्यांच्या डोक्यावर आडवे दगड चढवलेले. आपल्याकडचे धोंडे जमिनीला टेकून बसलेले, गुडघ्याएवढे, क्वचित कमरेएवढे. असली तुलना डोक्यात घेऊन गेलेल्याला जुनापाणी ठेंगणंच वाटणार. ठिकाणाचा त्यात काय दोष?

आता हंगाम. मे महिन्यात जाऊ नका, हे नागपूरकरांना सांगायची गरज नाही, पुण्या-मुंबईकरांना आहे. माळावर सावली नाही आणि पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो. पावसाळ्याबद्दल मात्र एक जुनी गोष्ट सांगायला हवी. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी, ज्याच्या नावाचं कॉलेज सिव्हिल लाइन्सजवळ आहे, तो मुळात जीवाश्मांचा आणि खडकांचा वेडा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्यासोबत तो टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला. परतताना पुरानं फुगलेला नाला ओलांडताना तो बुडाला. त्यानं जमवलेली गोंड आणि इतर आदिवासींविषयीची टिपणं टेंपल यांनी १८६६ साली छापली, म्हणून निदान तेवढी वाचली. आज रस्ते आहेत, पूल आहेत. पण या मुलखातले नाले अजून तसेच आहेत: दुपारी घोटाभर पाणी, संध्याकाळी छातीभर. सप्टेंबरात जाऊच नका.

उरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा काटोल रस्त्याला संत्र्यांचे ढीग लागलेले असतात, पऱ्हाटीला बोंडं फुटलेली असतात. पहाटे निघा. सकाळचं तिरपं ऊन हवं, त्याचं कारण दगडांवरचे खळगे. काही धोंड्यांवर वाटीएवढे किंवा त्याहून लहान गोल खळगे कोरलेले आहेत, कुठं जोडीनं, कुठं ओळीनं. डोक्यावर ऊन आलं की ते नाहीसे होतात. ऊन तिरपं असेल तर प्रत्येकात सावली साचते. जे. एच. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं ते टिपले आणि १८७९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिलं. गंमत अशी, की या गृहस्थांची सरकारी नोकरी आपल्या कापसाची. मध्य प्रांत-वऱ्हाडचे ते कॉटन कमिशनर होते. ब्रिटनमधल्या दगडांवरही असेच खळगे आहेत, हे त्यांना जाणवलं आणि त्यावरून त्यांनी दोन्हीकडच्या लोकांचं नातं जुळवायचा प्रयत्न केला. ते नातं पुढं टिकलं नाही; टिपणं टिकली. अलीकडे काही अभ्यासकांनी खळग्यांच्या दिशा सूर्य-ताऱ्यांच्या उगवतीशी जुळतात का, हेही तपासलं. मला विचाराल तर पुरावा अजून तोकडा आहे. हिशेब, खूण, विधी, की गुराख्याचा उद्योग, काहीही असू शकतं.

मुलं बरोबर असतील तर त्यांना इतिहास सांगत बसू नका. खळग्यांचा दगड जो आधी शोधेल त्याला जास्तीचं संत्रं, एवढंच जाहीर करा. पायात बूट आणि अंगात जाड पँट हवी. हिवाळ्यात कुसळ वाळलेली असते आणि ती मोज्यांत शिरली की दिवसभर टोचते. पाणी भरपूर न्या. परतताना ज्याला ऊर्जा उरली असेल त्यानं अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ सालीच स्थापन झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात डोकवावं. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

चालताना आणखी एक गोष्ट बघा. वर्तुळं बहुतेक बरडावर आहेत, जिथं नांगर चालत नाही. काळी कसदार जमीन त्या लोकांनी पिकासाठी राखलेली दिसते. आता मात्र बरडालाच भाव आला आहे. लेआउट तिथं पडतात, मुरूम तिथून उचलला जातो, कारखाने तिथं उभे राहतात. जुनापाणी, हिंगणा, टाकळघाट इथली वर्तुळं केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत. १९५८चा कायदा त्यांना लागू आहे आणि २०१०च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही. पण यादीबाहेरची वर्तुळं विदर्भभर पसरलेली आहेत, कुणाच्या धुऱ्यावर, कुणाच्या प्लॉटमागं. त्यांना शेतमालकाशिवाय राखणदार नाही.

तेव्हा जाणाऱ्यांना विनंती: फोटोत उठून दिसावेत म्हणून खळग्यांत खडू किंवा रंग भरू नका, बसायला धोंडा सरकवू नका, आठवण म्हणून खापरी खिशात टाकू नका. आणि ज्यांच्या वावरात असं कडं असेल त्यांना एक जास्तीची विनंती. जेसीबी बोलावण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला एक अर्ज टाका, सोबत मोबाइलवर काढलेले चार फोटो जोडा आणि अर्जाची पोच मागून घ्या.