विमान सव्वा तासात, नारळाचे पोते कधी?

इंदूर ते मुंबई ५०० किलोमीटर, विमानाने सव्वा तास! हा आकडा हल्ली आमच्या तोंडावर फेकला जातो. अंतर संपले म्हणे. कोणाचे संपले?

मी नकाशे शिकवणारा मास्तर. पट्टी ठेवून दोन ठिपके जोडले की ५०० भरतात, हे मला मान्य आहे. पण त्या पट्टीखाली सातपुडा आहे, तापी आहे, नर्मदा आहे. विमान त्यांच्यावरून जाते. नारळाचे पोते आणि बर्फातला बांगडा जमिनीवरूनच जातो.

मागे पलासियाला पुतणीकडे गेलो होतो. इंदुरातली ही वस्ती आग्रा-मुंबई जुन्या रस्त्यालाच लागून. येताना पोरांच्या आग्रहाने विमानात बसलो. पलासिया शहराच्या पूर्वेला, विमानतळ पश्चिमेला. दोन तास आधी हजर राहा, रांगेत उभे राहा, पट्टा काढा, चपला काढा. उतरल्यावर सामानाची वाट पाहा. पुतणीच्या उंबऱ्यापासून दादरला टेकेपर्यंत साडेपाच तास गेले! सव्वा तास तेवढा हवेतला.

मला परवडले, एकदा. ज्याला परवडत नाही त्याने काय करावे? त्याला अवंतिका एक्सप्रेस. उज्जैन, रतलाम, बडोदे, सुरत करीत ८२९ किलोमीटर, अख्खी रात्र. महाराष्ट्राच्या सीमेला सीमा लागलेला शेजारी, आणि त्याच्या घरी जायला गुजरातेतून वळसा! मध्ये रूळच नाहीत. माल जातो तो ट्रकने, नाशिक-धुळे करीत, बिजासनचा घाट चढून.

आता मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, मुदत २०२८-२९. मालेगाव, धुळे, शिरपूर, सेंधवा अशी ही वाट. मनमाड ते मुंबई २६० च्या आसपास रूळ आहेतच. बेरीज तुम्हीच करा. ८२९ चे पावणेसहाशेच्या आत येतात. कांदेवाल्याला आणि कापूसवाल्याला हा हिशेब कळतो, विमानाचा कळून काय करायचा?

पण मंजुरी म्हणजे रूळ नव्हे. ही गोष्ट आम्हा कोकण-गोव्याच्या माणसांना कोणी शिकवायला नको. मुंबईला आगगाडीने जायचे तर लोंढा, मिरज, पुणे असा घाट चढून-उतरून वळसा आमच्या बापजाद्यांनी घातला. डोंगर फार, नद्या फार, खर्च फार, ही रड तेव्हाही होतीच. दाबोळीला विमाने तेव्हाही उतरत होती! शेवटी १९९८ मध्ये कोकण रेल्वे सबंध धावली, तेच डोंगर पोखरून, त्याच नद्यांवर पूल बांधून.

म्हणून शेतकरी बांधवांनो, रापणकार भावांनो, पुढच्या सभेत कोणी विमानाचे तास मोजून दाखवू लागला तर त्याला मध्येच थांबवा आणि विचारा: सेंधव्यापर्यंत रूळ आले का? पोत्याला भाडे किती पडेल?