सांबार कोणते? पाककृतींच्या खूणशब्दांविषयी थोडेसे

सीमाभागातील मराठी घरांच्या पाककृती आता मोबाईलवर व संकेतस्थळांवर साठू लागल्या आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु साठवणे वेगळे आणि सापडणे वेगळे. शोधूनही न सापडणारी पाककृती नोंदलेली असूनही हरवलेलीच समजावी. म्हणून अशा प्रत्येक संग्रहाने आपले टॅग, म्हणजेच खूणशब्द, आरंभीच निश्चित करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैनगंगेच्या उत्तरेस, विदर्भात, 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. तिथली सांबारवडी ती हीच. नदीच्या दक्षिणेस तेलुगू शेजारात तोच शब्द डाळीच्या आंबट, पातळ पदार्थाचा वाचक आहे. यंत्र अक्षरे जुळवते, अर्थ जाणत नाही. उलटपक्षी, अंबाडीची भाजी एकच. पण कोणी ती 'आंबाडी' लिहितो, तेलुगूत ती 'गोंगूर', तर तेलंगणात 'पुंटिकूर'. एका शब्दाचे दोन पदार्थ आणि एका पानाची चार नावे, असा हा दुहेरी पेच आहे.

वकिली व्यवसायात हा पेच जुना आहे. नागपूरच्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'सारख्या निवाडासंग्रहांत हजारो निर्णयांमधून हवा तो सापडतो, कारण एका मुद्द्यास एकच शीर्षक दिलेले असते आणि पर्यायी शब्दापुढे 'अमुक पाहा' असा निर्देश असतो. हीच शिस्त स्वयंपाकघरास लागू करावी. मुख्य खूण 'अंबाडी'. 'आंबाडी', 'गोंगूर', 'पुंटिकूर' शोधणाराही तिथेच पोहोचावा. 'सांबार'च्या मात्र दोन स्वतंत्र खुणा कराव्यात: 'सांबार-कोथिंबीर' आणि 'सांबार-डाळ'. खुणा एकवचनीच असाव्यात आणि त्यांचे चारच वर्ग पुरेत: मुख्य जिन्नस, पदार्थाचा प्रकार, प्रसंग व स्थळ. 'चविष्ट', 'झटपट' या खुणा नव्हेत. ती केवळ प्रशस्ती होय.

स्थळाच्या खुणेस राज्याचे किंवा जिल्ह्याचे नाव पुरत नाही. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळ इकडे आले. पुढे २०१६ मध्ये आदिलाबादचेच चार जिल्हे झाले आणि मुधोळ-भैंसा निर्मल जिल्ह्यात गेले. शासनाची रेषा सरकली म्हणून चुलीवरची भाकर बदलली नाही. म्हणून गावाचे नाव आधी लिहावे, जिल्हा व राज्य त्यामागून.

प्रमाण शब्द मुख्य खूण म्हणून ठेवण्यास माझी हरकत नाही. बोलीतील शब्द पुसण्यास आहे. पदार्थाचे शीर्षक सांगणाऱ्या बाईच्या तोंडचेच राहावे. तेलुगू माध्यमात शिकणारी आपली मुलगी आजीचा शब्द लिहून शोधते आणि हाती काही लागत नाही, तेव्हा संग्रह अपुरा आहे असे तिला वाटत नाही. आजीचा शब्दच चुकीचा, असे वाटते. पुढे ती तो उच्चारीत नाही. सीमाभागातील मराठीची अशी हानी कोणत्याही न्यायालयात भरून मिळत नाही. ती टाळण्याचा उपाय मात्र आपल्याच हाती आहे: प्रत्येक पाककृतीखाली चार नेमके शब्द, आणि त्यांत एक आपल्या घरचा.