दिवे कुणाच्या खर्चाने?

मुंबईच्या गिरण्यांनी कोळसा एकदा सोडलेला आहे. १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी घाट उतरून जनित्रं फिरवू लागलं आणि गिरण्यांतली वाफेची यंत्रं हळूहळू मोडीत निघाली. धूर गेला तो मुंबईचा. पुढे मुळशीला धरणाचं काम निघालं तेव्हा बुडणार होत्या त्या मावळ्यांच्या जमिनी. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण झालंच. स्वच्छ विजेच्या जमाखर्चात खर्चाचं पान आपण तेव्हापासून कोरंच ठेवत आलो आहोत.

२०२५ च्या जूनअखेर देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, तोही ठरल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. आनंद आहेच. पण क्षमता वेगळी आणि तारेतून येणारी वीज वेगळी. लक्ष्मीपूजन सूर्य मावळल्यावर असतं, आणि तेव्हाची रोषणाई अजून बहुतांशी कोळशावरच चालते.

त्यासाठी चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं केंद्र रात्रंदिवस धडधडतं. आसपासच्या वस्तीत दोरीवरचा पांढरा सदरा झटकल्याशिवाय घडी करता येत नाही. तरीही केंद्र बंद करा म्हणायला तिथला माणूस सहजी धजावणार नाही. कायम नोकरीवाल्याचं एक वेळ निभेल. कंत्राटी कामगार, ट्रकचालक, गेटबाहेरचा चहावाला यांनी कुठे जायचं?

त्या मानाने शेतीला दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना आम्हाला शहाणपणाची वाटते. रात्री दोनला लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, पायाखाली साप, जुन्नरकडे तर उसात बिबट्या. हे ज्याने भोगलंय त्याला दिवसाच्या विजेचं मोल सांगावं लागत नाही. शिवाय सौर प्रकल्पासाठी खासगी जमीन घ्यायची ती भाड्याने, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, आणि सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर. मुळशीकरांच्या वाट्याला हे आलं नव्हतं.

असाच रोखठोक व्यवहार कोळसापट्ट्याशीही व्हावा. जुना संच बंद करण्याची तारीख ठरवाल, त्याच आदेशात तिथल्या कंत्राटी माणसाच्या पुढच्या कामाची तजवीज लिहा. खाणचालकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे पैसा जमा होतोच. त्यातला भरीव वाटा या कामाला लावायला कुणाची हरकत असावी?

वाचकांना, आणि ऐन दिवाळीत रात्रपाळीवर असलेल्या चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या कामगारांना, मनापासून शुभेच्छा.