जंगल पाहणारे आणि जंगलातून उठलेले

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या कॉलेजात ‘सहल’ हा शब्द निघाला की दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. काहींच्या मते सहल म्हणजे निव्वळ मौज, गाडीतल्या भेंड्या आणि फोटो. काहींच्या मते तो अभ्यासक्रमाचा एक भाग. अहवाल लिहून दिला, त्यावर सरांची सही झाली की संपले. मला या दोन्हींहून वेगळे काही सुचवायचे आहे. राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी जाणारा माणूस नुसता प्रेक्षक नसतो. त्याच्यासाठी कुणीतरी जागा मोकळी करून दिलेली असते. ती कुणी दिली, कोणत्या अटींवर दिली आणि त्या अटी पाळल्या गेल्या काय, एवढे तरी त्याने विचारले पाहिजे. ‘वा! काय सुंदर!’ हे त्यानंतर म्हणावे.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. हिवाळ्यात शनिवार-रविवार जोडून आम्ही चांदोलीला गेलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि दोन रात्री घराबाहेर सहलीला राहणारीही पहिलीच. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. सहलीची वर्गणी आईच्या विड्यांतून आली. गंमत अशी की आमच्या घरात तेंदूची पाने भिजत घातलेली नाहीत असा दिवस जात नाही; जंगलाच्या पानावर आमचे घर चालते, पण जंगल मात्र घरातल्या कुणीच पाहिलेले नव्हते.

सोलापूरच्या माणसाला क्षितिज सपाट असते. हिप्परग्याच्या तळ्यावर उभे राहिले की चारी दिशांना माळ आणि वर आभाळ. आपल्याकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी आपण चांगले साल म्हणतो. सांगली, शिराळा, वारणावती असे करीत मणदूरच्या फाटकातून आत गेलो आणि पाहता पाहता झाडी इतकी दाट झाली की दुपारी सावली संपेना. झोळंबीच्या सड्यावर पोहोचलो तेव्हा पायाखाली काळाकभिन्न जांभा दगड, समोर एकामागे एक निळ्या होत गेलेल्या डोंगररांगा, आणि खाली वसंतसागराचे पाणी. गव्यांचा एक कळप आमच्याकडे न पाहता चरत होता. आमच्यातल्या सर्वांत बडबड्या मुलालाही दहा मिनिटे काही बोलता आले नाही. अशा जागा देशात राहिल्या पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चांदोलीची थोडी माहिती येथे देणे जरूर आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे जेथे एकमेकांना भेटतात तेथे, वारणेच्या उगमाकडील डोंगरांत हे जंगल आहे. १९८५ साली ते अभयारण्य झाले आणि २००४ साली राष्ट्रीय उद्यान. त्याचे क्षेत्र सुमारे ३१७ चौरस किलोमीटर. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा मानले, तेव्हा महाराष्ट्रातील कास, कोयना, राधानगरी यांच्याबरोबर चांदोलीचेही नाव त्या यादीत गेले. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांत फरक केला आहे. अभयारण्यात माणसांचे काही हक्क, जसे गुरे चारणे, परवानगीने राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात ते राहत नाहीत. म्हणजे कागदावर एक शब्द बदलला की चुलीवरचे भांडे उतरते.

हे मला तेथेच कळले. आमच्या वाटाड्याने एका मोकळ्या गवताळ जागेवर गाडी थांबवली. मधोमध आंब्या-फणसाची जुनी झाडे होती. जंगलात अशी ओळीने लावलेली झाडे कशी, असे कुणीतरी विचारले. तो म्हणाला, “जंगलाची नाहीत ती. घराची आहेत. इथं गाव होतं.” मग त्याने गवत बाजूला करून घरांची जोती दाखवली. उताराच्या पायऱ्या पायऱ्यांच्या खाचरांत भात पिकत असे. आता तेथे गवे चरतात. त्याच्या स्वतःच्या आईवडिलांचे घर अशाच एका गावात होते. वारणेच्या खोऱ्यातली काही गावे धरणाच्या पाण्याने उठली, वरच्या डोंगरातली अभयारण्याने उठली. माणसे खाली सपाटीवरच्या वसाहतींत गेली. आमच्यातला एकजण सहज बोलून गेला, “बरे झाले की! इथे ना रस्ता, ना दवाखाना. राहत तरी कशी होती माणसे?”

त्याचे बोलणे अगदीच चुकीचे होते असे नाही. आजारी माणसाला डोलीत घालून डोंगर उतरावा लागत असेल, मुलांची शाळा चौथीवर थांबत असेल, तर तेथून खाली यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय माणसे गेल्यावर जंगलाचा फायदा झाला हेही नाकारता येत नाही. खाचरांचे गवत झाले, गवतावर गवा-सांबर वाढले, आणि त्यांच्यामागे वाघ येईल अशी आशा निर्माण झाली. परंतु एक गोष्ट आपण विसरतो. १९८५ साली जे जंगल राखण्याजोगे ठरले, ते या माणसांच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले जंगल होते. रस्ता-दवाखाना हवा असणे वेगळे आणि घर सोडण्याची नोटीस येणे वेगळे. पहिली गरज आहे, दुसरा निर्णय आहे. आणि तो निर्णय त्यांचा नव्हता.

ही गोष्ट मला इतकी का लागली, त्याला घरचे कारण आहे. माझ्या आजीचे गाव करमाळा तालुक्यात भीमेच्या काठी होते. उजनी धरणाचे काम १९६९ ला सुरू झाले, १९८० ला धरण पुरे झाले आणि तिचे गाव पाण्याखाली गेले. बदली मिळालेली जमीन खडकाळ होती. तिच्यावर घर चालेना म्हणून वडील सोलापूरला मागावर आले. आज सोलापूर शहराला पिण्याचे पाणी येते ते उजनीचेच. नळाला पाणी आले की आजी म्हणते, “आलं बघ आमच्या गावचं पाणी.” आम्ही लहानपणी हसायचो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. शनिवार-रविवारी पुण्याकडची मंडळी होड्यांतून ते पाहतात. दुष्काळात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, त्याचेही फोटो निघतात. होडीतल्या त्या माणसांचा मला राग नाही. रोहित पक्षी सुंदरच आहेत. पण होडीच्या तळाखाली कुणाचे अंगण आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही; आणि चांदोलीत वाटाड्याने सांगितले नसते तर आम्हालाही कळले नसते.

विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा देशात पहिल्यांदा केला तो आपल्या महाराष्ट्राने, १९७६ साली. याचा आपण अभिमान बाळगतो. तरीही ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा देत धरणग्रस्तांना पुढे वर्षानुवर्षे रस्त्यावर बसावे लागले. चांदोली अभयारण्यग्रस्तांनीही श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली आपल्या जमिनींसाठी आंदोलने केली. कायदा आधी आणि जमीन मागाहून, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. याउलट दुसरे उदाहरण पाहा. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली. तिच्यासाठी आधी कुंपण घातलेली जागा तयार केली, पशुवैद्य ठेवले, गळ्यात पट्टा घालून ती कोठे जाते यावर लक्ष ठेवण्याची सोय केली. हे सर्व योग्यच झाले. नव्या मुलखात आणलेला जीव बावरतो, त्याला सांभाळून घ्यावे लागते, हे आपल्याला वाघिणीच्या बाबतीत उत्तम समजते. एवढीच समज माणसांच्या बाबतीत असती, तर माझ्या मते जंगल आणि गाव यांत भांडणच उरले नसते.

कुणी म्हणेल, मग काय करायचे? जंगले मोडून पुन्हा गावे वसवायची? मुळीच नाही. माणसांना न उठवता नुसत्या रेघा ओढल्या की काय होते, तेही आपण सोलापूरकर जाणतो. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. शेतकऱ्याला जमिनीच्या व्यवहाराची चिंता लागली आणि पक्ष्याविषयी प्रेम वाटण्याऐवजी अढी बसली. पुढे क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक मात्र नान्नजच्या माळावर आता क्वचितच दिसतो. चांदोलीत माणूस उठला आणि जंगल वाढले; नान्नजला माणूस राहिला, पण त्याला विश्वासात घेतले नाही, आणि पक्षी गेला. दोन्हीकडे एकच गोष्ट राहून गेली. तेथे राहणाऱ्याला भागीदार मानले गेले नाही.

म्हणून आपल्या सहलीपुरत्या तीन सूचना मी नम्रपणे मांडते. पहिली, सह्याद्रीला जाण्याआधी प्रत्येक तुकडीने एकदा नान्नजला जावे. डोंगर पाहून थक्क व्हायला शिकावे लागत नाही. माळ पाहायला शिकावे लागते, आणि तो तर आपल्या दारात आहे. दुसरी, चांदोली-कोयनेला जाल तेव्हा दोन दिवसांतला अर्धा दिवस उठलेल्या गावांच्या एखाद्या वसाहतीत घालवावा. तेथील म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गावाचे नाव, देव, पिके, वाटा लिहून घ्याव्यात. इतिहासाच्या आणि भूगोलाच्या प्राध्यापकांनी मनावर घेतले तर आपल्या कॉलेजात एक चांगले दप्तर तयार होईल. ही माणसे गेल्यावर ते कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही. तिसरी, सहलीची वर्गणी हप्त्याने घ्यावी. ज्यांच्या घरच्यांनी जंगल पाहिलेले नाही तीच मुले पैशासाठी मागे राहिली, तर सहल पाहिलेल्यांनाच पुन्हा दाखवल्यासारखी होईल.

निसर्गावर प्रेम करा, असे आपल्याला शाळेपासून सांगतात. ते प्रेम स्वस्त असू नये एवढेच माझे म्हणणे आहे. आपण फाटकावर तिकिटाचे पैसे देतो, पण त्या जंगलाची खरी किंमत आपल्या आधी कुणीतरी घर, खाचर आणि आंब्याचे झाड देऊन मोजलेली असते. ते देणे फिटले आहे की नाही याची चौकशी करणारा एक तरी विद्यार्थी दर सहलीतून परत यावा. तसा तो आला, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.