स्टँडचे पाय: क्लिप की पीळ?

निकाहाच्या दिवशी जनाना बाजूचे फोटो काढायला बाईच हवी, असे आता आमच्या उमापुरातही पुष्कळ घरांतून ऐकू येते. आमच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने हप्त्यावर कॅमेरा घेऊन हे काम सुरू केले आहे. आता तिला ट्रायपॉड, म्हणजे आपल्या बोलीतला स्टँड, घ्यायचा आहे. पायांना क्लिपा असलेला घ्यावा की पिळून बसणारा, असे तिने विचारले. हप्ते अजून फिटायचे आहेत आणि सारा कॅमेरा त्या तीन पायांवर राहणार. तेव्हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पिळाच्या स्टँडला प्रत्येक जोडावर रबरी कडे असते. ते फिरवले की आतली नळी आवळली जाते. स्टँड मिटलेला असताना एका पायाची सगळी कडी मुठीत धरून एकदम सैल करता येतात, आणि बाहेर काही आलेले नसल्याने ओढणी अडकत नाही. दोष एकच, पण मोठा: कडे आवळले आहे की नाही, हे नजरेने कळत नाही. एक कडे ढिले राहिले की कॅमेरा चढवल्यावर पाय हळूहळू खाली सरकतो. शिवाय गोदाकाठची वाळू किंवा रानातली धूळ आट्यांत गेली की कडे करकरते. मग ते खोलून, आतल्या पट्ट्यांची जागा लक्षात ठेवून पुसावे लागते.

क्लिप उघडी आहे की बंद, हे मात्र लांबून दिसते. तीन तुकड्यांच्या पायाला दोन जोड, म्हणजे स्टँडला ६ क्लिपा. चार तुकडे असतील तर ९. गर्दीत, बायकापोरांच्या धक्क्यात, एका नजरेत सहा क्लिपा तपासता येणे ही मोठी सोय. वापराने क्लिप ढिली पडली तर बहुतेक चांगल्या स्टँडमध्ये तिचा स्क्रू पिळून ती पुन्हा घट्ट करता येते. हा स्क्रू फार पिळू नये, प्लास्टिक तडकते. बोट चिमटते, कपडा अडकतो, आणि ‘टक्’ असा आवाज होतो. इजाब-कबूल चालू असताना तो नकोसा वाटतो, म्हणून पाय आधीच लावून ठेवावेत.

इटलीच्या मॅनफ्रोटोचा ‘बीफ्री अ‍ॅडव्हान्स्ड’ स्टँड दोन्ही प्रकारांत निघाला, म्हणजे कंपनीनेही निवड गिऱ्हाइकावरच सोडली!

या मुलीला आम्ही तीन तुकड्यांचा, क्लिपांचा स्टँड सांगितला. घाईचे काम, सोबतीला कोणी नाही आणि दुरुस्ती घरीच करायची. एकट्याने, शांतपणे रानात पक्षी टिपणाऱ्याला आम्ही कदाचित पिळाचा सांगितला असता.

दुकानात पाय पूर्ण उघडून, सगळी लॉक लावून, वरून दोन्ही तळव्यांनी दाबून पाहावे. एकही नळी सरकली तर तो स्टँड नको. उंची थोडी कमी लागत असेल, तर खालची बारीक नळी मिटलेलीच ठेवून वरची जाड तेवढी ओढावी. आणि स्क्रू पिळायची छोटी किल्ली डब्यात आहे ना, तेही पाहून घ्यावे.