गाडी तुम्ही चालवता, मग स्पीकरही तुम्हीच निवडा

आमच्या लकडगंजात लाकूड घ्यायला येणाऱ्या बायका तुम्ही बघायला हव्यात. घराचं बांधकाम निघालेलं असतं, दाराची चौकट करायची असते. बाई मुकाट उभी राहत नाही. सागवान आहे की दुसरं काही, ओल आहे का, गाठ कुठे आहे, घनफुटाचा भाव काय, सगळं विचारते. पण हीच बाई गाडीच्या सामानाच्या दुकानात गेली, की काउंटरवरून ऐकू येतं, "भाभीजी, भैया को भेज दो न, उनको समझेगा." आणि ती खरंच भैयाला पाठवून देते!

मैत्रिणींनो, आजचा विषय गाडीच्या दारातल्या स्पीकरचा आहे. "इश्श, हा काय बायकांच्या पानाचा विषय झाला?" असं म्हणू नका. माझ्या ओळखीतली एक शिक्षिका रोज नागपूरहून भंडाऱ्याच्या बाजूला शाळेत जाते. जाऊन-येऊन अडीच तास. गाडीचा हप्ता तिच्याच पगारातून जातो. स्पीकर खरखरायला लागले म्हणून तिनं पाच हजार बाजूला काढले. नवरा आणि त्याचा मित्र दुकानात गेले आणि अठरा हजारांचं बिल घेऊन आले. डिकीत हा मोठ्ठा बास बॉक्स! किराण्याच्या पिशव्या ठेवायला जागा नाही, आणि गाणं लावलं की पाठीमागून नुसता दणका. तिला हवं होतं एवढंच, की बातम्यांचे आणि जुन्या गाण्यांचे शब्द स्पष्ट ऐकू यावेत. ते राहिलंच. समोरच्या दाराचा पत्राही तसाच खडखडतोय.

यात नवऱ्याचा दोष काढायचा नाही. त्यानं हौसेनंच केलं. पण गाडीत रोज अडीच तास बसणार कोण, ऐकणार काय, हे ठाऊक असलेली बाई दुकानात नव्हती. पैसे तिचे, कान तिचे आणि निर्णय मात्र दुसऱ्याचा. हे मला खटकतं. "त्यातलं मला काही कळत नाही" हे वाक्य आपण फार लवकर बोलून मोकळ्या होतो. खरं तर कळायला फार काही नाही. चार गोष्टी पुरतात.

पहिली, मापाची. बऱ्याच गाड्यांच्या दारात साडेसहा इंची स्पीकर बसतो, काही लहान गाड्यांत त्याहून छोटा. जुना स्पीकर उघडून माप घेतल्याशिवाय नवा पसंत करू नका. मापाबरोबर खोलीही बघायची, नाहीतर खाली येणारी काच स्पीकरवर आपटते.

दुसरी, वॅटची. खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरांत २५० वॅट, ३०० वॅट लिहिलेलं असतं. तो क्षणभराचा आकडा. तुम्ही बारीक अक्षरांतला 'आरएमएस' शोधा. स्पीकर सतत किती ताकद सोसतो, ते तो सांगतो. गाडीसोबत आलेला स्टिरिओ, ज्याला आपल्याकडे अजून टेपच म्हणतात, एकेका स्पीकरला खरी पंधरा-वीस वॅटच्या आसपासच ताकद देतो. मग तीनशे वॅटच्या खोक्याला भुलायचं कशाला?

तिसरी, संवेदनशीलतेची. हा आकडा डेसिबलमध्ये असतो. कंपनीच्याच टेपवर स्पीकर लावायचे असतील तर तो नव्वद किंवा जास्त असलेला बरा. तीन डेसिबलचा फरक पडला की तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. म्हणजे कमी किमतीचा पण चांगल्या संवेदनशीलतेचा स्पीकर तुमच्या टेपवर महागड्यापेक्षा खुला वाजू शकतो.

चौथी, ओहमची. साधारणपणे चार ओहमचे स्पीकर लागतात. त्याहून कमी ओहमचे लावले तर टेपवर ताण येतो.

आता बजेट. भाव इकडेतिकडे होतात, पण अंदाज असा. दोन-तीन हजारांत नावाजलेल्या कंपनीची 'कोअॅक्सियल' जोडी येते. म्हणजे मोठ्या स्पीकरच्या मधोमधच छोटा ट्वीटर बसवलेला असतो. जुन्याच्या जागी बसते, वेगळं काही लागत नाही. एफएम आणि फोनमधली गाणी एवढंच ऐकायचं असेल तर ही पुरे. एफएमवर मुळातच फार बारीक स्वर येत नाहीत, त्यामुळे फक्त रेडिओसाठी महाग स्पीकर घेणं म्हणजे चहा प्यायला चांदीचा पेला.

पाच-सहा हजार असतील तर समोरच्या दारांत जरा बऱ्या प्रतीची जोडी घ्या आणि उरलेले पैसे दारांच्या आत डॅम्पिंग शीट लावण्यात घाला. दाराचा पत्रा पातळ असतो, स्पीकरबरोबर तोही थरथरतो. शीटनं तो जड होतो, खडखड थांबते, बासही भरीव वाटतो. फक्त डांबराची स्वस्त शीट नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, उन्हात उभी गाडी आतून भट्टी होते आणि डांबर वास मारतं. ब्युटिलची शीट मागा.

दहा-बारा हजारांच्या वर 'कॉम्पोनंट' जोडी. यात ट्वीटर वेगळा असतो, तो कानाच्या उंचीच्या जवळ बसवतात. गायिकेचा आवाज पायाशी न येता समोरून आल्यासारखा वाटतो. गाण्याचा खरा शौक असेल तर जरूर घ्या. पण अशी जोडी खुलायला पुष्कळदा अॅम्प्लिफायर लागतो, म्हणजे आणखी आठ-दहा हजार. हे दुकानदारानं आधी सांगायला हवं. नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

आणि हो, मागच्या दारांची घाई नको. गाडी चालवताना तुम्ही पुढे बसता. आधी पुढची जोडी, मागची पुढच्या दिवाळीला.

स्पीकर बसवताना गाडीपाशी उभं राहा. खुर्ची मागून घ्या, लाजू नका. दाराच्या आत प्लास्टिकचा पडदा असतो. काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी तो बाहेरच्या बाजूला ठेवतो. कारागिरानं तो फाडून तसाच सोडला, तर पहिल्या पावसात दाराचं आतलं कव्हर भिजतं. स्पीकरखालची रिंग एमडीएफची असेल तर पाण्यानं फुगते. हे लकडगंजातल्या बाईला मी सांगायला नको! प्लास्टिकची किंवा नीट रंग दिलेली वॉटरप्रूफ प्लायची रिंग मागा. आणि मूळ वायर कापू देऊ नका, कपलर लावून जोडायला सांगा. वायर कापली तर पुढे वॉरंटीच्या वेळी वाद होतो.

आवाजाचं पथ्यही पाळायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकाप्रमाणे मोठ्या माणसाच्या कानाला आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे, मुलांसाठी ती ७५. आवाज नव्वदपर्यंत नेला तर मोठ्यांनाही आठवड्याला चारच तास. मागच्या सीटवर लेकरं असतात, विसरू नका. शिवाय मागून हॉर्न किंवा अॅम्ब्युलन्स ऐकू आली पाहिजे. चांगल्या स्पीकरची खूण हीच, की त्याचे शब्द बारीक आवाजातही कळतात.

भंडारा, तुमसर, उमरेड, कुठूनही खरेदीला नागपुरात या, पण आवडीचं गाणं फोनमध्ये घालून या आणि दुकानात तेच लावायला सांगा. दुकानदाराच्या ढमढम गाण्यावर निवड करू नका. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. घरच्यांना सोबत न्या, त्यांचा सल्लाही घ्या. पण "भैया को भेज दो" असं कुणी म्हणालंच, तर हसून सांगा, "भाऊ, गाडी मी चालवते. आरएमएस किती आहे, ते सांगा."